व्होलरने चैतन्यवाद मारला नाही

१/ १८२८ साली फ्रीडरिश व्होलरने प्रयोगशाळेत युरिया तयार केला आणि त्याच क्षणी चैतन्यवाद कोसळला, ही कथा आपण सर्वांनी पाठ केली आहे. हा इतिहास नव्हे, दंतकथा आहे. आणि तिने व्होलरचा खरा शोधच झाकून टाकला आहे.

२/ सेंद्रिय पदार्थ घडण्यास सजीवांतील जीवनशक्ती लागते, असे चैतन्यवादी मानत. युरियाने हा वाद मिटला असता, तर व्होलरचाच जिवलग मित्र युस्टुस लीबिग १८४२ च्या आपल्या प्राणिरसायनावरील ग्रंथात जीवनशक्तीचा आधार का घेता? शिवाय त्या काळी सायनेटे अखेर प्राण्यांची शिंगे, खूर, रक्त यांपासूनच मिळत. शंका घेणाऱ्याला एवढी फट पुरेशी होती.

३/ मूत्रपिंडावाचून युरिया करता येतो, असे व्होलरने बर्झेलियसला उत्साहाने कळवले, हे खरे. परंतु त्याच्या निबंधात जीवनशक्तीच्या मृत्यूची घोषणा नाही. त्याला खुणावत होते निराळेच कोडे: अमोनियम सायनेट आणि युरिया यांचे घटक तेच, प्रमाणही तेच, मग पदार्थ दोन कसे?

४/ कोडे जुने होते. १८२४ च्या सुमारास व्होलरने सिल्व्हर सायनेटचे, तर लीबिग व गे-ल्युसॅक यांनी सिल्व्हर फल्मिनेटचे विश्लेषण केले. दोहोंत चांदी, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांचे प्रमाण एकच! पण फल्मिनेट जरा घासताच स्फोट पावते. सायनेट तसे नाही. लीबिगने प्रथम व्होलरलाच चूक ठरवले. फेरतपासणीनंतर १८२६ मध्ये त्याने माघार घेतली.

५/ आज आपण कारण जाणतो. सायनेटमध्ये कार्बन मधोमध असतो, फल्मिनेटमध्ये नायट्रोजन. अणू तेच, मांडणी वेगळी. १८३० मध्ये बर्झेलियसने या घटनेला ग्रीक शब्दांवरून ‘आयसोमेरिझम’ हे नाव दिले. मराठीत आपण समघटकता म्हणतो.

६/ पदार्थाची ओळख केवळ घटकांच्या यादीने होत नाही, रचनेने होते. पुढील रचनात्मक रसायनशास्त्राचा हा पाया. तो कोणा एकाने एका दिवसात रचला नाही. दोन प्रयोगशाळांतील मतभेद, पुनर्तपासणी आणि मान्यता यांतून तो उभा राहिला.

७/ तरीही आपल्याला एक वीर, एक दिवस आणि एक मेलेला शत्रू हवा असतो. डग्लस मॅकी यांनी १९४४ मध्येच या कथेला दंतकथा म्हटले होते. आपण मात्र ती अजून घोकतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने सोयीची कथा नव्हे, मूळ निबंध वाचावा. व्होलरचा गौरव त्यातच आहे.