फायबर गावात आलं, पण नेट शेपटाला पोचतं का?



जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरच्या अंबड, घनसावंगी, परतूरच्या शेतकऱ्याला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. मुखाशी पाणी भरपूर दिसलं म्हणून शेपटाच्या रानात ते पोचतंच असं नाही. गावातल्या इंटरनेटचंही आज तसंच झालं आहे.

शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. पण २०२१ पासून पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर आपली आपणच करायची आहे. सातबारा ऑनलाइन, शेतकरी ओळख क्रमांक ऑनलाइन. महाडीबीटीवर तर २०२५-२६ पासून सोडत जाऊन, आधी अर्ज करील त्याला आधी लाभ, असा नियम आला. म्हणजे ठिबक असो की अवजार, ज्याचं नेट मंद त्याचा नंबर मागं. पूर्वी मंद नेटमुळं वेळ जायचा, आता पाळी जाते.

सरकारनं काही केलं नाही असं नाही. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्रानं २०११ साली मंजूर केली. तीच पुढं भारतनेट झाली. प्रत्येक ग्रामपंचायतीला १०० एमबीपीएस हे उद्दिष्ट होतं. अडचण अशी, की बऱ्याच ठिकाणी तार एकेरी टाकलेली. रस्त्याच्या कामात जेसीबीनं ती एका जागी तोडली की पुढची गावं बंद. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात जाळं वर्तुळाकार करायचं आहे, म्हणजे एका बाजूनं तुटलं तरी दुसऱ्या बाजूनं चालेल. धोरण योग्यच आहे. पण तार पंचायतीच्या भिंतीला लागली म्हणजे काम झालं, हा समज चुकीचा आहे.

माझाच अनुभव सांगतो. घरी नेट चालेना म्हणून मी दोन हजारांचा नवा राउटर आणला. वेग होता तेवढाच! शेवटी कळलं, की लोखंडी कपाट सरकवताना मागची फायबरची तार दुमडली होती. पैसे गेले, दोष तिथंच राहिला.

म्हणून आधी दोष शोधा. पाईपलाईनला पाणी कमी आलं तर आपण आधी मोटारीजवळ पाहतो, मग शेवटच्या नळीला. इथंही तसंच करा.

१) पेटीवर लाल दिवा लागला असेल तर तार तुटली किंवा दुमडली आहे असं समजा. घरात काही बदलू नका, सरळ तक्रार करा.

२) दिवे ठीक असतील तर संगणक केबलनं थेट पेटीला जोडून वेग मोजा. सकाळी, दुपारी आणि रात्री असा तीनदा मोजा. तिथंच वेग कमी असेल तर दोष लाईनचा किंवा कंपनीचा. महिन्याचा ठरलेला डेटा संपल्यावरही वेग उतरतो, तेही पाहून घ्या.

३) केबलवर वेग चांगला आणि मोबाईलवर कमी, तर दोष वायफायचा. राउटर कपाटात, तिजोरीमागं किंवा पत्र्याला टेकून ठेवू नका. घराच्या मधोमध, उंचावर ठेवा.

४) फोटो चढत नसतील तर अपलोडचा वेगही मोजा. डाउनलोड चांगलं असून अपलोड मंद असू शकतं.

एक हिशेबही लक्षात ठेवा. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी नव्हे. आठानं भागायचं, साधारण साडेबारा एमबी होतात. एवढ्यावर कंपनीशी भांडू नका.

इतकं करूनही राउटर घ्यायचाच असेल तर दोन बँडचा घ्या. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडं लांब जातो पण मंद, ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण जवळच्यापुरता. आपल्या जाड दगडमातीच्या भिंतींना दोन्ही लागतात. मागच्या केबलच्या जागा गिगाबिटच्या आहेत का ते विचारा. साध्या असतील तर १०० च्या वर वेग मिळत नाही. चार अँटेना पाहून भुलू नका. लाईट गेली की पेटी बंद पडते, म्हणून पेटी आणि राउटर दोन्ही चालतील असा छोटा बॅटरी बॅकअप घ्या. गावात त्याचा उपयोग महागड्या राउटरपेक्षा जास्त.

पंचायतीनं एक वही ठेवावी. नेट कोणत्या दिवशी, किती वेळ बंद होतं, तक्रार क्रमांक काय, हे तारखेनिशी लिहावं. कंपनीनं तक्रार नीट सोडवली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं दाद मागता येते. तिथं हीच वही कामी येईल. तोंडी ओरड कुणी ऐकत नाही.

माती तपासल्याशिवाय खत टाकू नका, असं आम्ही बांधावर येऊन सांगतो. तसंच वेग मोजल्याशिवाय राउटर आणू नका. आणि अर्जाची शेवटची तारीख येईपर्यंत थांबू नका. लाईन आजच तपासा.