पट्ट्याची सायकल : आधी फ्रेम पाहा

गेल्या पावसाळ्यात नववीच्या मुलांनी विज्ञान मंडळात एक प्रश्न विचारला. पिठाच्या गिरणीला पट्टा, आजीच्या शिलाई मशीनला पट्टा, काही नव्या विजेच्या स्कूटरलाही पट्टा. मग सायकललाच चेन का? प्रश्न चांगला होता. त्यावर आम्ही जे केले ते तितकेसे चांगले नव्हते. पुन्हा त्याच कामासाठी विश्वस्त मंडळाकडे पैसे मागण्याआधी ते येथे सांगून टाकणे बरे.

मुलांचे म्हणणे खोटे नाही. आपल्याकडची काळी माती पावसात चेनमध्ये बसली की आठ दिवसांत करकर सुरू होते आणि गणवेशाच्या पायावर काळा डाग पडतो तो वेगळाच. पट्ट्याला तेल लागत नाही, तो गंजत नाही. गिरणीचा सपाट पट्टा ओझे वाढले की घसरतो, पण सायकलचा पट्टा दात्यांचा असतो आणि त्याच्या पोटात कार्बन तंतूंचे दोर असतात. जपानच्या ब्रिजस्टोन कंपनीने १९८० च्या दशकातच अशा सायकली काढल्या होत्या. पट्ट्याच्या सायकलला गिअर हवे असतील तर ते मागच्या चाकाच्या हबमध्ये किंवा पेडलपाशी गिअरबॉक्समध्ये बसवावे लागतात, एवढे ध्यानात ठेवावे.

अडचण निघाली ती फ्रेमची. चेनची एक कडी उघडली की ती सुटते, फ्रेममधून ओवून पुन्हा जोडता येते. पट्टा अखंड असतो. मागच्या चाकाभोवती नळ्यांचा जो बंद त्रिकोण असतो, त्याच्या आत पट्टा जायचा तर तो त्रिकोण उजव्या बाजूला कुठे तरी उघडला पाहिजे. एका पालकांनी प्रेमाने दिलेली जुनी, चांगली लोखंडी सायकल आम्ही एका वर्कशॉपात नेली, सीटकडून खाली येणारी उजवी नळी कापून घेतली आणि मध्ये बोल्टचा जोड बसवून घेतला. जोड किंचित तिरका बसला. चाक एका बाजूला झुकले. मग पट्टा सरळ चालेना. जोर लावला की पुढच्या चक्रावरून कडेला सरके आणि चढावर दाते चुकवून खटकन उडी मारी. कारागिराला बोल लावण्यात अर्थ नाही. माप न घेता कापायला सांगणारे आम्हीच होतो. ती फ्रेम आज चेनलाही नीट उपयोगाची राहिलेली नाही आणि त्या पालकांना तोंड दाखवताना आम्हांला संकोच वाटतो.

म्हणून आमचे मत असे की शाळेने यापुढे फ्रेम कापू नये, निवडावी. काही जुन्या धाटणीच्या फ्रेममध्ये मागच्या उभ्या नळ्या बोल्टने बसवलेल्या असतात. तशी मिळाली तर अर्धे काम आपोआप झाले. काही फ्रेममध्ये मागची आडवी नळी इतकी वर घेतलेली असते की पट्टा तिच्या खालूनच फिरतो. अमेरिकेतील व्हीअर कंपनीचा दोन टोके जोडता येणारा पट्टाही आहे, मात्र फ्रेम ताठ नसेल तर त्याचाही उपयोग नाही. पट्टा ताणून ठेवावा लागत असल्याने चाक मागेपुढे सरकवण्याची सोय हवीच. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला तर करवत लावण्याचा विचारही नको, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने तिची ताकद जाते.

आणि माप! चेन एक कडी काढून लहान करता येते, पट्टा ठरावीक लांबीचाच येतो. दहावीच्या मुलांनी हे गणित करून पाहावे : गेट्स कंपनीच्या पट्ट्यात दोन दात्यांमधले अंतर ११ मि.मी. असते. पुढे ५५ दाते, मागे २२ दाते आणि ११८ दात्यांचा पट्टा घेतला, तर पेडलच्या ॲक्सलपासून मागच्या ॲक्सलपर्यंत सुमारे ४३३ मि.मी. लागतात. तोच पट्टा ११५ दात्यांचा घेतला तर सुमारे ४१७. म्हणजे तीन दात्यांनी चाक दीड सेंटिमीटरहून जास्त सरकले! आम्ही पट्टा आधी मागवला आणि फ्रेम नंतर मोजली.

मुलांच्या रोजच्या सायकलींचे काय, असे काही पालकांनी विचारले. त्या चेनच्याच राहू द्याव्यात. चेन तुटली तर कोपऱ्यावरचा सायकलवाला थोड्या वेळात जोडून देतो, पट्टा तुटला तर घरापर्यंत ढकलत न्यावी लागेल. पूर्ण चेनकव्हर आणि पंधरा दिवसांनी दोन थेंब तेल एवढे पुष्कळ झाले. राज्य सरकारने २००६-०७ पासून कित्येक वर्षे आठवीच्या मुलांना सायकली दिल्या. त्यांतल्या काही अजून आपल्या घरांच्या जिन्याखाली गंजत पडल्या आहेत. त्यांना आधी तेल मिळाले तरी आम्हांला आनंद होईल.

मग पट्ट्याचा खटाटोप हवा कशाला, असा प्रश्न विश्वस्त विचारतील आणि तो रास्त आहे. आमच्या मते मिलिमीटरची किंमत मुलांना कळावी म्हणून तो हवा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्या दुकानानेच आणि पुढे त्याच नावाचा किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना आपल्या गोकुळ रोडवर उभा राहिला. अशा कारखान्यांत, रेल्वे वर्कशॉपात ज्यांनी आयुष्य काढले, ज्यांच्या हातात व्हर्निअर कॅलिपर सहज बसतो, असे आजोबा आपल्या कितीतरी मुलांच्या घरी आहेत. त्यांतल्या दोघा-तिघांनी शनिवारी तासभर शाळेत यावे. मंडळाने या वर्षी नव्या पट्ट्यासाठी एक रुपयाही देऊ नये. एक चांगले कॅलिपर आणि एक लांब सरळ पोलादी पट्टी घेऊन द्यावी.

बिघडलेली फ्रेम प्रयोगशाळेच्या बाहेर टांगली आहे. मुलांनी ती हाताळून पाहावी, तिरकेपणा किती ते स्वतः मोजावे. आणि ज्यांच्या घरी मागच्या नळ्या बोल्टने जोडलेली जुनी सायकल असेल त्यांनी वर्गशिक्षकांना कळवावे. सायकल द्यायलाच हवी असे नाही, आम्हांला फक्त मोजायची आहे.