शेवटच्यासाठीही टाळ्या

“आई, मावशी पहिली येईल ना गं?”

पहाटेचे पावणेचार वाजले होते. गाडी नुकतीच सावंतवाडीबाहेर पडली होती. दिवाळीच्या सुटीसाठी आम्ही मायलेकी माझ्या माहेरी आलो होतो आणि त्या रविवारी, २७ ऑक्टोबर २०२४ रोजी, पणजीला निघालो होतो. मागच्या सीटवर आजीने बांधून दिलेला घावनांचा डबा, बेसनाचे लाडू, पाण्याच्या बाटल्या आणि गणपतीच्या आरतीच्या झांजा होत्या. झांजा घ्यायची कल्पना माझ्या दहा वर्षांच्या लेकीची. मिरामारच्या किनाऱ्यावर तिची मावशी, म्हणजे माझी ताई, ट्रायथलॉनमध्ये उतरणार होती.

“पहिली नाही येणार,” मी म्हटलं.

“मग दुसरी?”

“दुसरीही नाही.”

“मग मावशी जातेच कशाला?”

या प्रश्नाचं उत्तर मला पटकन देता आलं नाही. कारण हा प्रश्न तिला कुठून सुचला, ते मला ठाऊक होतं. आदल्या वर्षी शाळेच्या क्रीडादिनाला ती धावण्याच्या शर्यतीत शेवटची आली होती. घरी येताना मी हसत हसत म्हटलं होतं, “अगं, निदान शेवटून दुसरी तरी यायचंस!” मी गंमत केली होती. पण त्यानंतर खेळाचा तास असेल त्या दिवशी तिचं पोट दुखू लागलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. मला मात्र दुखण्याचं मूळ हळूहळू कळत गेलं.

बांदा, पत्रादेवी मागे टाकून म्हापशापर्यंत पोहोचेतो मी तिला खेळ समजावून सांगितला. ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल चालवणं आणि धावणं, एकापाठोपाठ एक. मध्ये विश्रांती नाही. कपडे आणि बूट बदलायला लागणारा वेळही शर्यतीतच मोजला जातो. ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीत आला. तिथे दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं असतं. गोव्यात २०१९ मध्ये पहिल्यांदा झालेली ‘आयर्नमॅन ७०.३’ ही शर्यत त्याहून लांब. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावायचं. तिन्ही अंतरांची मैलांत बेरीज केली की ७०.३ होतात, म्हणून हे नाव.

“आणि हे सगळं साडेआठ तासांत,” मी म्हटलं. “पोहणं १ तास १० मिनिटांत संपायला हवं. पोहणं आणि सायकल मिळून साडेपाच तासांत. वेळ चुकली की तिथेच थांबायचं.”

“म्हणजे शत्रू घड्याळ आहे!” लेक म्हणाली. ते मात्र तिला पटलं.

आयर्नमॅनची सुरुवात १९७८ साली हवाई बेटांवर झाली, हेही मी तिला सांगितलं. पहिल्या शर्यतीला उतरले होते फक्त १५ जण आणि त्यातले १२ शेवटपर्यंत पोहोचले.

“आणि बाकीचे तीन?”

“ते पूर्ण करू शकले नाहीत.”

त्यावर ती काही बोलली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली.

मिरामारला पोहोचलो तेव्हा झुंजुमुंजू होत होतं. रस्ते वाहतुकीला बंद होणार असल्याने गाडी लांब उभी करून आम्ही चालत गेलो. किनाऱ्यावर टोप्या आणि पोहण्याचे चष्मे घातलेली माणसं जमली होती. विशीतली पोरं होती, तसेच साठी ओलांडलेले गृहस्थही होते. प्रत्येकाच्या घोट्याला वेळ मोजणारी चिप पट्ट्याने बांधलेली. सगळे एकदम पाण्यात शिरत नाहीत, थोडे थोडे सोडतात आणि प्रत्येकाची वेळ तो निघाल्यापासून मोजतात. ताई गर्दीत दिसली. एकेचाळीस वर्षांची, पुण्यात बँकेत नोकरी, दोन मुलांची आई. गेलं वर्षभर ती पहाटे उठून कधी तरण तलावावर, तर कधी सायकलवर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जात होती. लेकीला बघून तिने हात केला आणि ती लाटांत शिरली. थोड्याच वेळात इतक्या डोक्यांतून तिचं डोकं वेगळं ओळखणं अशक्य झालं.

एकसष्ट मिनिटांनी ती बाहेर आली. लेकीने झांजा अशा वाजवल्या की शेजारचे दचकलेच. ताई आमच्या समोरून सायकलींच्या तळाकडे धावत गेली. लेक लाडू घेऊन तिच्यामागे निघाली, तर कठड्याजवळच्या स्वयंसेविकेने तिला हळूच अडवलं. “बाळा, बाहेरच्या कुणी काही दिलेलं चालत नाही. नाहीतर मावशीच बाद होईल.” पाणी आणि खाणं फक्त शर्यतीच्या ठरलेल्या जागांवरच घ्यायचं, घरच्यांनी काही हातात द्यायचं नाही, सोबत धावायचं नाही, असा नियम असतो. लेकीने लाडू परत डब्यात ठेवला. “मग आपण काय करायचं?”

“टाळ्या वाजवायच्या. तेवढंच चालतं.”

प्रेक्षकांच्या वाट्याला तसं फार काही येत नाही. सायकलच्या फेरीत आपलं माणूस तीन-चार सेकंद दिसतं, नाहीसं होतं, मग तास-दीड तास नुसती वाट बघायची. ऑक्टोबरचं ऊन, खारी दमट हवा, कपडे अंगाला चिकटलेले. मुलांना घेऊन जाणार असाल तर टोपी, भरपूर पाणी, बसायला चटई आणि मार्गाचा नकाशा जवळ हवाच. सावलीची आणि स्वच्छतागृहाची जागा आधीच बघून ठेवलेली बरी. दुपारपर्यंत मूल कंटाळणार, हेही गृहीत धरावं.

पण माझी लेक कंटाळली नाही. सायकलवाले येत होते, आणि जे लवकर आले ते धावायलाही लागले होते. धावणाऱ्यांच्या नंबराच्या पट्टीवर त्यांचं नावही छापलेलं असतं, हा शोध तिला लागला. मग काय! ती प्रत्येकाचं नाव मोठ्याने वाचू लागली. कुणी तमिळ, कुणी पंजाबी, कुणी परदेशी. वाकडेतिकडे उच्चार करून ती ओरडायची आणि झांजा वाजवायची. घामाने निथळणारी माणसं आपलं नाव ऐकून चमकायची, बघायची, हसायची. एका पांढऱ्या दाढीच्या आजोबांनी तर थांबून तिला चक्क नमस्कार केला.

सावलीत बसल्यावर मी तिला ज्यूली मॉस या विद्यार्थिनीची गोष्ट सांगितली. फेब्रुवारी १९८२ मध्ये हवाईच्या आयर्नमॅनमध्ये ती बायकांमध्ये सर्वांत पुढे होती. शेवटची रेघ अगदी जवळ असताना तिचे पाय गेले. ती पडली, उठली, पुन्हा पडली. तेवढ्यात कॅथलीन मॅकार्टनी पुढे निघून गेली आणि जिंकली. ज्यूली मात्र हातापायांवर रांगत रेघेपर्यंत पोहोचली. दूरचित्रवाणीवर ते दृश्य बघून कितीतरी लोक या खेळाकडे वळले.

“दुसऱ्या आलेल्या मुलीमुळे?” लेकीने विचारलं.

“हो, दुसऱ्या आलेल्या मुलीमुळे.”

तिसऱ्यांदा ताई दिसायला हवी होती, ती वेळ टळून गेली. लेक सारखी माझ्या मनगटावरच्या घड्याळात बघत होती. साडेपाच तास संपले. सायकलचा मार्ग रिकामा होत गेला. मला कळून चुकलं होतं. पण बोलायचा धीर होईना.

बऱ्याच वेळाने ताई आली, ती चालत, सायकल हाताने ढकलत. घोट्यावर चिप नव्हती. पायात गोळा आल्याने तिला दोनदा उतरावं लागलं होतं, नंतर समोरून वारा. चार मिनिटांनी वेळ चुकली होती. तिने हेल्मेट काढलं आणि ती कठड्याला टेकून खाली बसली. डोळ्यांतलं पाणी तिने लपवलं नाही.

लेकीने झांजा पाठीमागे धरल्या. तिने माझ्याकडे बघितलं. तिला बहुधा बघायचं होतं, आता आई काय म्हणते. माझ्या ओठांवर आलंच होतं, “जाऊ दे गं ताई, फक्त चार मिनिटं!” मी ते गिळलं. वर्षभराची मेहनत चार मिनिटांनी गेली होती. त्यात ‘फक्त’ काय होतं? मी नुसती तिच्याजवळ बसले.

लेकीने डबा उघडला. “मावशी, आता लाडू चालेल ना?”

ताई रडता रडता हसली. “आता चालेल.” तिने एक लाडू संपवला, दुसरा घेतला, बाटलीभर पाणी प्यायली. मग तोंड पुसून म्हणाली, “झांजा कुठायत? आण इकडे. अजून माणसं रस्त्यावर आहेत.”

त्यानंतरचे दोन तास आम्ही तिघी त्या कठड्याशी उभ्या होतो. पुढचे पदकवाले केव्हाच न्हाऊन जेवून मोकळे झाले असतील. आता येत होते ते लंगडणारे, थांबत थांबत चालणारे, ओठ सुकलेले. गर्दी विरळ झाली होती. ताई झांजा वाजवत होती, लेक नावं वाचत होती. शेवटची काही मिनिटं उरली असताना एक बाई आल्या, जवळजवळ ताईच्याच वयाच्या. पाऊल उचलणं त्यांना कठीण जात होतं. लेकीने त्यांचं नाव घेतलं. त्या बाईंनी मान वर केली आणि पुन्हा धावू लागल्या. त्या वेळेत पोहोचल्या. ताईला मी इतक्या जोरात टाळ्या वाजवताना आयुष्यात पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी ताईला तिच्या मुक्कामी सोडून आम्ही परत निघालो. मांडवीच्या पुलावर दिवे लागले होते. मला वाटलं, लेक झोपली. पर्वरी ओलांडल्यावर मागून आवाज आला, “आई, त्या पहिल्या शर्यतीत तीन जण राहिले होते ना, तशीच मावशी.”

“हो.”

“पण ते पाण्यात तरी उतरले होते.” थोडं थांबून ती म्हणाली, “मी शेवटची आले होते, तेव्हा तू टाळ्या वाजवल्या होत्यास का?”

मी आठवून बघितलं. मी मोबाइलवर फोटो काढत होते. ती शेवटी पडते आहे असं दिसल्यावर मी तो खाली केला होता.

“नाही,” मी खरं ते सांगितलं. “वाजवायला हव्या होत्या. आणि नंतर मी जे बोलले, तेही बोलायला नको होतं.”

ती “हं” म्हणाली. एवढंच.

आपण पालक शर्यतीहून परत आलेल्या मुलाला पहिला प्रश्न विचारतो तो “कितवा आलास?” असा. त्यात आपला वाईट हेतू नसतो. पण धावण्याआधीच मुलाचं लक्ष नंबराकडे लागतं आणि नंबर येणार नाही असं वाटलं की पोट दुखू लागतं. हरणं कसं पचवायचं, हे मी लेकीला कितीही सांगून कळलं नसतं. ते तिने मावशीला दुसरा लाडू खाताना बघून शिकलं. म्हणून एखाद्या रविवारी मुलांना घेऊन अशा शर्यतीला जरूर जा. गोव्यालाच जायला हवं असं नाही, गावातली छोटी मॅरेथॉनही चालेल. फक्त बक्षीस समारंभ झाला की लगेच घरी निघू नका. शेवटचा माणूस येईपर्यंत थांबा.

सुटी संपवून परतताना मी आईकडून झांजा मागून घेतल्या. पुढच्या क्रीडादिनासाठी लेकीने धावण्याच्या शर्यतीत नाव दिलं. त्या दिवशी सकाळी तिचं पोट दुखलं नाही असं नाही, थोडं दुखलंच. पण ती गेली. आणि मैदानाच्या कडेला झांजा घेऊन मी उभी होते.