आधी नमुना, मग क्षयाच्या गोळ्या
मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला दोन-तीन आठवडे ताप-खोकला असला आणि छातीच्या एक्स-रेमध्ये गाठ किंवा पोकळी दिसली, की भारतात पहिला संशय क्षयाचा येतो. नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड अशी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतात. त्या आडोशाला क्षय सहज डोके वर काढतो. संशय रास्तच आहे. आक्षेप आहे तो संशयालाच निदान मानण्याला.

हुबेहूब असेच चित्र उभे करणारा जिवाणू म्हणजे नोकार्डिया. एडमंड नोकार या फ्रेंच पशुवैद्याने १८८८ मध्ये गुरांच्या एका रोगात तो शोधला. तो मातीत राहतो, धुळीबरोबर फुप्फुसात शिरतो आणि रक्तावाटे मेंदूत जाऊन तिथे गळू करू शकतो.

पूर्वपक्ष असा: हा संसर्ग दुर्मिळ, क्षय घरोघरी, फुप्फुसाचा तुकडा काढणे जोखमीचे, तेव्हा वेळ न दवडता क्षयाची औषधे सुरू करावीत, गुण आला की निदान खरे. यातले पहिले तीन मुद्दे तूर्त मान्य करू. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र रुग्णाच्या जिवावर बेतणारा आहे. क्षयाच्या नेहमीच्या चार औषधांवर नोकार्डिया बरा होतो असे मानता येत नाही, आणि गुणाची वाट पाहण्यात गेलेल्या आठवड्यांत तो मेंदूपर्यंत पोचू शकतो. शिवाय त्या चारांपैकी रिफाम्पिसिनमुळे यकृत टॅक्रोलिमस भराभर मोडू लागते, रक्तातली पातळी घसरते आणि मात्रा वेळीच वाढवली नाही तर शरीर मूत्रपिंडावर उलटते. ते मूत्रपिंड अनेकदा आईने किंवा पत्नीने दिलेले असते. न तपासलेल्या संशयापायी ते पणाला लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

'दुर्मिळ' हा शब्दही तपासून घ्यायला हवा. नेहमीच्या कल्चरची प्लेट बहुधा ४८ तासांत टाकून दिली जाते. नोकार्डियाला वाढायला अनेकदा आठवडा, कधी दोन-तीन आठवडे लागतात. क्षयासाठीच्या तपासणीत कडक आम्लाने धुतल्यावर त्याचा रंग उतरतो; थोडा उरलाच तर घाईत तो क्षय म्हणून वाचला जातो. १ टक्का सल्फ्युरिक आम्ल वापरले तर सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी, फाटे फुटलेले, मण्यांच्या सरीसारखे बारीक धागे दिसतात. प्लेटवर खडूच्या भुकटीसारख्या कोरड्या पांढऱ्या वसाहती उगवतात आणि त्यांना ओल्या मातीचा वास असतो. इतकी ठसठशीत ओळख असूनही तो निसटतो, कारण नमुन्याबरोबरच्या चिठ्ठीवर 'प्रत्यारोपणाचा रुग्ण, नोकार्डिया पाहावा' एवढी ओळ लिहिलेली नसते.

दुसरा युक्तिवाद प्रतिबंधक गोळीचा. न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया टाळण्यासाठी या रुग्णांना को-ट्रायमॉक्साझोल दिले जाते. नोकार्डियावरचे मुख्य औषधही तेच, म्हणून गोळी घेणारा सुरक्षित, असे धरले जाते. प्रत्यक्षात ती गोळी चालू असतानाही नोकार्डिया झालेले रुग्ण आढळले आहेत, आणि त्यांच्यातल्या अनेकांचा जिवाणू त्या औषधाला दाद देणारा होता. औषध निकामी नव्हते. प्रतिबंधाची मात्रा तोकडी पडली असावी.

नमुना घेण्यासाठी दर वेळी फुप्फुसात सुई घालावी लागत नाही. बेडका, ब्रॉन्कोस्कोपीने फुप्फुस धुऊन घेतलेला द्रव, त्वचेवर गळू असेल तर त्यातला पू पहिल्याच दिवशी मिळू शकतो. रुग्ण अत्यवस्थ असेल तर नमुना घेऊन लगेच औषधे सुरू करावीत. नोकार्डिया सापडला, तर डोके दुखत नसले तरी मेंदूचा एमआरआय करावा. उपचार को-ट्रायमॉक्साझोलच्या पूर्ण मात्रेचा, आजार पसरला असेल तर सुरुवातीला इमिपेनेमसारख्या औषधाची जोड. मुदत साधारण ६ ते १२ महिने, मेंदूत गळू असेल तर किमान वर्षभर. या काळात क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वरचेवर तपासावे लागते, कारण को-ट्रायमॉक्साझोल दोन्ही वाढवू शकते. क्षय आणि नोकार्डिया एकाच रुग्णात एकत्रही असू शकतात. म्हणून क्षयाचा अहवाल होकारार्थी आला तरी नोकार्डियासाठीची प्लेट तीन आठवडे ठेवावी.