पायाचे दुखणे अंगावर काढू नका

दिवाळीनंतर आपल्या वस्त्यांतली कितीतरी घरे ऊसतोडीला जातात. मागे राहिलेले वसमत, हिंगोली, कळमनुरीकडे हळदीच्या कामावर दिवसभर उभे असतात. संध्याकाळी पाय सुजतो, पोटऱ्या भरून येतात. तेल चोळायचे, झोपायचे, पहाटे पुन्हा कामाला. पायाचे दुखणे म्हणजे आजारच नव्हे, असे आपण धरून चाललो आहोत. आमच्या मते या समजुतीपायीच माणसे पाय गमावतात.

पायात तीन प्रकारच्या वाहिन्या असतात. रोहिण्या हृदयाकडून रक्त खाली आणतात. नीला, म्हणजे शिरा, ते वर नेतात. रक्त मागे येऊ नये म्हणून त्यांच्यात झडपा असतात आणि चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. मांसात झिरपलेले जादा पाणी लसिकावाहिन्या परत नेतात.

तिन्हींचे बिघाड वेगळे. बिडी, तंबाखू आणि साखरेच्या आजाराने रोहिण्या अरुंद होतात. चालताना पोटरी धरते, थांबले की सुटते. पुढे बोट गार पडते, काळे होते. झडपा निकामी झाल्या की शिरा दोरीसारख्या फुगतात, घोट्याजवळ कातडी काळवंडते, जखम चिघळते. एकच पाय अचानक सुजून गरम झाला, दुखू लागला, तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. तो चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. ती गाठ फुफ्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. हत्तीरोगाचे जंत लसिकावाहिन्यांत राहतात आणि घाण पाण्यातले डास ते पसरवतात. शेजारच्या नांदेड, यवतमाळ जिल्ह्यांत हा रोग आहे.

‘दवाखान्यात गेलो तर मजुरी बुडते,’ असे माणसे म्हणतात. खोटे नाही. पण एका दिवसाची मजुरी वाचवताना पाय गेला, तर जन्माची मजुरी जाते. साखरेच्या आजारात जखम दुखतही नाही, म्हणून ती हळद लावून झाकली जाते. हळद आपल्या जिल्ह्याचे पीक आहे, बंद पडलेल्या रोहिणीचे औषध नव्हे.

आजारात लाज कसली? बाबासाहेबांनाही मधुमेह होता, पायांच्या वेदना होत्या. ते उपचार घेत होते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांतून कोरडे करून तळवे बघा. म्हाताऱ्यांचे पाय घरातल्या मुलांनी बघावेत. काम संपल्यावर पाय उशीवर उंच ठेवा. बिडी सोडा. जखम आठवड्यात भरली नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासा आणि पायाची नाडी बघा, असे डॉक्टरांना सांगा.

आणि वस्तीतली उघडी गटारे? ती आपल्या नशिबाने उघडी नाहीत. येत्या ग्रामसभेत सगळ्यांनी मिळून तो विषय मांडू या.