सुधारून वाढवलेली आवृत्ती

मराठीच्या मास्तराच्या हाती पुस्तक आले की त्याची नजर आधी जाते ती मुखपृष्ठामागच्या पानावर. आवृत्ती कितवी, वर्ष कोणते, आणि ‘सुधारून वाढवलेली’ असे छापले असल्यास सुधारले काय व किमतीखेरीज आणखी वाढवले काय, हे ताडून पाहिल्याशिवाय आम्ही पहिल्या प्रकरणाकडे वळत नाही. ही खोड यंदा मला भलत्याच ठिकाणी उपयोगी पडली, ती म्हणजे संगणकाचा मदरबोर्ड घेताना. (मी त्याला ‘मातृफलक’ म्हणून पाहिले, पण चिरंजीवांचा चेहरा बघून शब्द परत घेतला.)

चिरंजीवांना बोर्ड हवा होता तो खेळांसाठी आणि, वेळ उरलाच तर, अभ्यासासाठी. माझा त्यात स्वार्थ वेगळा होता. घरात अकरा कॅसेटी आहेत. १९८६ साली वडिलांनी माझ्या मावशीच्या जात्यावरच्या ओव्या त्यांवर भरून घेतल्या. आता मावशी नाही, जाते नाही, आणि फितीही थकल्या आहेत. एकेक फीत आणखी एकदा वाजेल, फार तर दोनदा. म्हणजे संगणकात जे उतरायचे ते पहिल्याच फेरीत नीट उतरले पाहिजे.

बोर्डाची निवड तशी अवघड नाही. आधी पाय, मग जोडा, तसा आधी प्रोसेसर आणि मग बोर्ड. एएमडीची २०१६ सालची एएम ४ ही बैठक निराळी, २०२२ सालची एएम ५ निराळी. एकीचा प्रोसेसर दुसरीत बसत नाही. मेमरीचेही तेच. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे जोर लावून उपयोग नाही. इतके जमले की निम्मे दुकान आपोआप बाद होते.

खरी गंमत पुढे आहे. बोर्डाच्या एका कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरांत, ‘रेव्ह १.०’ किंवा ‘१.१’ असे काहीतरी छापलेले असते. ही त्याची आवृत्ती! खोक्यावरचे नाव तेच, चित्र तेच, पण आतला मजकूर बदललेला असू शकतो. कधी एखादा भाग बाजारात मिळेनासा होतो, कधी चूक दुरुस्त केलेली असते, आणि कधी (हे प्रकाशकांनाही ठाऊक असलेले तंत्र आहे) खर्च वाचवलेला असतो. प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग कमी होतात किंवा आवाजाची चिप बदलते. बायोस भरतानाही त्याच आवृत्तीचा भरावा लागतो. दुसरीचा भरला तर बोर्ड सुरूच न होण्याची भीती असते.

आवृत्तीचे महत्त्व जगाला कळले ते २०११ साली. त्या जानेवारीत इंटेलने नवे चिपसेट बाजारात आणले, आणि ३१ तारखेला जाहीर केले की त्यांत दोष आहे. डिस्क जोडण्याच्या सहा खोबणींपैकी मंद गतीच्या चार कालांतराने बिघडण्याचा संभव होता. वेगवान दोन निर्धोक होत्या. सबंध चिपेत चूक ती एका ट्रान्झिस्टरची! भरपाई आणि दुरुस्तीचा अंदाज सुमारे ७० कोटी डॉलर्स होता. सदोष आवृत्ती बी २, सुधारलेली बी ३. पुढे काही कंपन्यांनी तर बोर्डाच्या नावालाच ‘बी ३’ हे शेपूट जोडले. एका अक्षराचे आणि एका आकड्याचे एवढे मोल आमच्या शुद्धलेखनाच्या तासालाही कुणी मानत नाही.

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराला मी आवृत्ती विचारली तेव्हा तो म्हणाला, “सर, माल एकच आहे. आजवर कुणी विचारलं नाही.”

“मग मी पहिला. खोका उघडून दाखवता?”

“उघडतो, पण घेणार ना?”

“आकडा पाहू द्या, मग सांगतो.”

चिरंजीव तेवढ्यात दुसऱ्या काउंटरचे अवलोकन करू लागले.

आता आवाजाचे. पूर्वी त्यासाठी वेगळे कार्ड लागे. आता बोर्डावरच एक छोटी चिप बसवलेली असते, बहुधा तैवानच्या रिअलटेकची, जिच्या बोधचिन्हात खेकडा आहे. स्वस्त बोर्डांवर एएलसी ८९७, महागांवर एएलसी १२२० असे आकडे दिसतात. मोठ्या आकड्याचा आवाज अधिक निर्मळ, हे कागदावर खरे. पण साध्या कॅसेटीची स्वतःची खरखरच इतकी असते की आवाज तिच्यापेक्षा जेमतेम पन्नास-पंचावन्न डेसिबलच वर राहतो. गढूळ पाणी चांदीच्या तांब्यात ओतले म्हणून ते निवळत नाही. तेव्हा महागड्या चिपेचा मोह मी तिथेच सोडला.

मला हवा होता तो निळा जॅक. मागच्या बाजूला हिरवा जॅक आवाज बाहेर काढणारा, गुलाबी मायक्रोफोनचा, आणि निळा बाहेरचा आवाज आत घेणारा. टेपरेकॉर्डरची वायर त्यात जाते. गुलाबीत घातली तर मायक्रोफोनच्या क्षीण आवाजासाठी असलेली वाढ इथेही लागते आणि ओव्या फाटक्या येतात. अलीकडे काही बोर्डांवर दोनच जॅक ठेवतात. काहींत सॉफ्टवेअरने गुलाबीला निळ्याचे काम सांगता येते म्हणे. पण एकदाच वाजणाऱ्या फितीवर असले प्रयोग कोण करील?

कोपऱ्यातला आकडा १.१ निघाला. मोबाइलवर कंपनीच्या यादीतले १.१ चे पान काढून आवाजाची चिप, तीन जॅक आणि बायोस हे सारे जुळवून पाहिले, आणि मगच पैसे मोजले.

“अहो, फटाके थांबेपर्यंत कॅसेटी लावू नका,” असे सौभाग्यवतींनी बजावले होते. वायरीला फटाके ऐकू येत नाहीत, हे मी त्यांना दोनदा सांगितले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पहिली फीत लावली. मावशीचा आवाज आला, जात्याची घरघर आली, आणि तिसऱ्या ओवीनंतर कुणीतरी दाराची कडी वाजवली. ती कडी काढून टाकता येते, असे चिरंजीव म्हणाले. मी म्हटले, राहू दे.