विमान आहे तिथेच?

परवा कँटीनमध्ये चहा घेताना नेहमीप्रमाणे वादाला तोंड फुटलं. एका मित्राचं म्हणणं असं की विमानात साठ वर्षांत काहीच सुधारणा झाली नाही. एअर इंडियाने १९६० मध्ये बोइंग ७०७ घेतलं तेव्हा ते ताशी सुमारे ९०० किलोमीटरने उडायचं, आजचं ७८७सुद्धा तेवढंच उडतं. उलट गाडी बघ! चोक ओढून चार वेळा स्टार्टर मारल्यावर घरघरणारी बाबांची गाडी कुठे, आणि स्वतःहून ब्रेक लावणारी आजची कुठे!

ऐकायला पटतं. पण वेगाचा नाद विमानांनी कधीच सोडला. आवाजाच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधन भसाभस जळतं. १९७६ ते २००३ काँकॉर्डने शंभरेक श्रीमंत प्रवासी घेऊन ती हौस भागवली. असो. बाकीच्यांनी डोकं दुसरीकडे लावलं. सुरुवातीच्या ७०७ च्या इंजिनात शिरलेली सगळी हवा आगीतूनच जायची. ७८७ मध्ये एक भाग हवा आत जाते आणि जवळपास नऊ भाग हवा पुढचा मोठा पंखा बाहेरच्या बाहेर मागे ढकलतो. थोडी हवा जोरात फेकण्यापेक्षा खूप हवा सावकाश ढकलणं स्वस्त पडतं, एवढं साधं गणित. शिवाय इंजिनं इतकी भरवशाची झाली की अमेरिकेने १९८५ मध्ये दोन इंजिनांच्या विमानांना विमानतळापासून दोन तास लांब जायची मुभा दिली. आधी मर्यादा एक तासाची होती. हे खिडकीतून दिसत नाही हो, गाडीची प्रगती मात्र शोरूममध्येच दिसते :-)

पण मला खरा फरक वेगळाच वाटतो. ७३७ मॅक्सचं एक सॉफ्टवेअर एकाच सेन्सरवर विसंबून होतं (आपल्या धंद्यातल्यांनी मान खाली घालावी असं डिझाइन), आणि २०१८ व २०१९ मधल्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. जगभरची मॅक्स विमानं महिनोन् महिने जमिनीवर बसवली गेली. अहमदाबादला जून २०२५ मध्ये ७८७ पडलं, तर महिन्याभरात सेकंदासेकंदाचा हिशोब देणारा प्राथमिक अहवाल लोकांसमोर आला. आणि रस्त्यावर? २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १ लाख ६८ हजारांवर माणसं रस्त्यांवर मेली. त्यातली निम्म्याहून जास्त दुचाकीवरची किंवा पायी चालणारी, म्हणजे एअरबॅगशी संबंधच नसलेली.

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीममधला एक मुलगा रात्री बाइकवरून घरी जाताना डिव्हायडरवर आदळून गेला. दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. पंचनामा झाला, "वाहनावरील ताबा सुटल्याने" असं लिहिलं गेलं, फाइल बंद. मी रोज तिथूनच जातो. डिव्हायडर अजून तसाच आहे.